विरोधक, शत्रू, राक्षस

निवडणुकीचे दिवस आले की महाडच्या एसटी स्थानकापासून पोलादपूरच्या चहाच्या टपरीपर्यंत एक वाद हमखास ऐकू येतो. कुणी वडीलधारा म्हणतो, "विरोधक असला म्हणून काय झालं, जरा तोंड सांभाळून बोल." त्यावर तरणा पोरगा उसळून विचारतो, "काका, समोरचा खरंच वाईट असेल तर त्याला वाईट म्हणायचं नाही का? अन्याय निमूट गिळायचा?"

प्रश्न रास्त आहे. 'सगळ्यांशी गोड बोला' एवढंच उत्तर दिलं तर त्या पोराची बोळवण होईल, समाधान होणार नाही. जगात अन्याय आहे, तो करणारी माणसं आहेत आणि त्यांची नावं घ्यावीच लागतात. मग विरोधकाला राक्षस ठरवण्यात नेमकं बिघडतं काय?

हे समजून घ्यायला महाडसारखं गाव नाही. १९२७ साली इथं एका बाजूला अशी माणसं होती, ज्यांना विरोधकांना राक्षस म्हणण्याचा पुरेपूर हक्क होता. त्यांच्या पुढाऱ्यानं तो हक्क वापरला नाही, आणि लढा मात्र तसूभरही सैल केला नाही. हे त्यानं कसं साधलं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. टीका कुठं संपते?

विरोधकाबद्दल बोलण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीवर आपण म्हणतो, 'तू केलंस ते चूक आहे.' दुसरीवर म्हणतो, 'तू माणूसच वाईट.' तिसरीवर म्हणतो, 'तू आणि तुझे सगळे मुळातच असे. तुमच्यात चांगलं काही असूच शकत नाही.' या तिसऱ्या पायरीला राक्षसीकरण म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरची एखादी वाडी. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल उजाडला की टँकरची वाट. नळयोजना मंजूर झाली, पण पाइप वाडीपर्यंत पोचलाच नाही. ग्रामसभेत एक बाई उभी राहून विचारते, "कामाचं बिल निघालं, मग वरच्या अंगाला पाइप का नाही? मोजमाप पुस्तक दाखवा." ही पहिली पायरी. आता सरपंचाला पुस्तक आणावं लागतं, नाहीतर ते का आणत नाही हे सांगावं लागतं. दुसरा कुणी म्हणतो, "सरपंच कामचुकार आहे, त्याला वाडीचं काही पडलेलं नाही." लगेच चर्चा पाइपवरून सरपंचाच्या स्वभावावर येते. तिसरा ओरडतो, "हा गावाचा दुश्मन आहे, यांचं घराणंच तसलं!" इथं पाइपचा विषय संपला. त्या घराण्याची माणसं उठून उभी राहतात. त्यांच्यातल्या दोघांनाही पाइप हवा होता, पण आता ते घराण्याच्या बाजूनं बोलतात. पाइप न टाकता बिल उचलणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

तिसऱ्या पायरीची आणखी एक खूण आहे. तिथं कुठलाही पुरावा चालत नाही. विरोधकानं मागणी फेटाळली तर तो दुष्ट, मान्य केली तर त्यात त्याचा डाव. गप्प बसला तर मनात पाप, खुलासा केला तर बनवाबनवी. त्याचं प्रत्येक उत्तर आधीच गुन्ह्यात धरलेलं असतं. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कळायला स्वतःला एकच प्रश्न विचारावा : समोरच्यानं काय केलं तर माझं मत बदलेल? याचं उत्तर सुचतच नसेल, तर आपण तिसऱ्या पायरीवर पोचलो आहोत.

२. २० मार्च १९२७

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. त्याला धरून महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांसाठी खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं कुणा अस्पृश्याला त्यातून घागर भरता आली नाही. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती, अन्य धर्मांची माणसं पाणी भरत होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद महाडला व्हावी म्हणून धडपडलेले रामचंद्र बाबाजी मोरे याच तालुक्यातले, लाडवलीचे. गावोगावचे हजारो लोक आले. मार्चचा उन्हाळा, आणि तळं गावाच्या मध्यावर असूनही परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. वीस तारखेला परिषद आटोपता आटोपता अनंतराव चित्रे यांनी सुचवलं की सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ या. माणसं रांगेनं निघाली. बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे प्यायले. मग शांतपणे सगळे मंडपात परतले.

इथपर्यंत दगड उचलला गेला नव्हता. त्यानंतर गावात अफवा उठली : हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार.

वीरेश्वर हे महाडचं ग्रामदैवत. शिवरात्रीनंतरचा त्याचा छबिना हा आजही साऱ्या पंचक्रोशीचा उत्सव आहे. त्यामुळं या बातमीनं गाव पेटायला वेळ लागला नाही. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव देवळापाशी गोळा झाला. डाकबंगल्यात उतरलेल्या बाबासाहेबांनी सांगितलं की देवळात जायचा आमचा विचार नाही, तसा बेतही नाही. हे खरंच होतं. पण ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? जमाव मंडपावर चालून गेला. पुष्कळ लोक परतीच्या वाटेला लागले होते, मागे राहिलेले काही जेवत होते. त्यांना मारलं. अन्न मातीत मिसळलं. वीसेक माणसं गंभीर जखमी झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. घरी निघालेल्यांना वाटेवरही मार पडला.

आता जरा थांबून अफवेकडे पाहू. महाड तेव्हा लहान गाव होतं. देऊळ, तळं, मंडप सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. देवळाकडे कुणी येतंय का, हे चार पावलं जाऊन कुणालाही पाहता आलं असतं. कुणी पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच वाटली नाही. 'ही माणसं तळ्यावर थांबणार नाहीत' हे चित्र डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं. अफवेला त्यात फक्त आपली जागा घ्यायची होती. म्हणून मला वाटतं, अफवा पसरवणाऱ्या एका तोंडाला सारा दोष देऊन भागणार नाही. ज्याला आपण आधीच राक्षस ठरवलेलं असतं, त्याच्याबद्दलची वाईट बातमी आपण तपासत नाही. एरवी चार पैशांच्या व्यवहारात चारदा विचारणारा माणूस इथं मात्र ऐकलं की उठतो आणि काठी शोधतो.

दुसऱ्या दिवशी तळ्याची 'शुद्धी' झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेली १०८ मडकी मंत्र म्हणत तळ्यात ओतली गेली. पाण्यात शेण कालवल्यानं ते शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीनं ते बाटतं, असं शिकल्यासवरल्या माणसांना मनापासून वाटत होतं. समोरच्याचं माणूसपण एकदा नाकारलं की डोळ्यांना काय काय दिसेनासं होतं, याचा याहून ढळढळीत दाखला मला ठाऊक नाही.

३. मन असं का वागतं?

मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत यावर पुष्कळ काम केलं आहे. त्यातल्या तीनच गोष्टी इथं पुरेत.

पहिली गोष्ट गट पडण्याची. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. नाझींच्या काळात घरचे जवळजवळ सगळे गमावून तो इंग्लंडमध्ये स्थिरावला. त्यानं १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. पडद्यावर ठिपके दाखवून ते किती असतील याचा अंदाज विचारला आणि जास्त सांगणारे एका गटात, कमी सांगणारे दुसऱ्या गटात अशी विभागणी झाल्याचं मुलांना सांगितलं. प्रत्यक्षात विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. मग पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इतकंच झालं असतं तर नवल नव्हतं. अशाच पुढच्या प्रयोगात पुष्कळांनी असा वाटा निवडला, ज्यात आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्या गटाशी फरक मोठा राहिला पाहिजे. ठिपक्यांवरून ही गत, तर जात, पक्ष, धर्म यांवरून काय होत असेल!

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला वेगळा न्याय आणि दुसऱ्याला वेगळा. कशेडीच्या घाटात वळणावर कुणी आपल्याला ओव्हरटेक केलं की आपण म्हणतो, 'मस्तवाल आहे, मरायचंय याला.' आपणच तसं केलं तर? 'दवाखाना गाठायचा होता,' 'पुढचा ट्रक रखडत होता.' आपल्या वागण्याला परिस्थिती कारण, दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दुसऱ्याला जोखतानाच्या या चुकीवर १९७७ साली विस्तारानं लिहिलं. राजकारणात तिला फारच जोर चढतो. आपल्या नेत्यानं पक्ष बदलला तर मतदारसंघाची निकड, त्यांच्या नेत्यानं बदलला तर गद्दारी.

तिसरी गोष्ट हेतूची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या पाठीराख्यांना आणि इस्रायली-पॅलेस्टिनींना विचारलं गेलं : तुमची बाजू का लढते, आणि त्यांची का लढते? सगळीकडून साधारण एकच उत्तर आलं. आम्ही आमच्या माणसांच्या प्रेमापोटी लढतो, ते आमच्या द्वेषापोटी. दोन्ही बाजू हेच म्हणत असतील तर कुणाचं तरी चुकतंय, हे उघड आहे. या अभ्यासातली एक गोष्ट मला आशेची वाटते. अचूक उत्तर दिलं तर पैसे मिळतील असं सांगितल्यावर हा फरक कमी झाला. म्हणजे खरं काय ते जाणायची कुवत आपल्यात असते. आपण ती वापरत नाही, कारण न वापरण्यानं आपलं काही बिघडत नाही असं वाटतं.

४. सत्याग्रहाला आलेली एक अट

मार्चमधल्या मारहाणीनंतर महाडमध्येच पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. त्या सुमारास पुण्याहून एक मदत आली. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर चळवळीच्या तडफदार पुढाऱ्यांनी पाठिंबा देऊ केला. अट एकच : सत्याग्रहात ब्राह्मण नको.

ही अट कुठून आली ते कळायला दोन वर्षं मागं जावं लागतं. १९२५ साली जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका लिहिली आणि जेध्यांनी ती प्रसिद्ध केली. रोख टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर होता. भाषा कशी होती, ते नावावरूनच कळावं. मानहानीचा खटला झाला, शिक्षा झाली. अपिलात त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते डॉ. आंबेडकर. १९२६ साली जेधे-जवळकर निर्दोष सुटले. म्हणजे ज्यांनी अट घातली ते बाबासाहेबांना परके नव्हते. उलट त्यांच्यावर बाबासाहेबांचे उपकार होते, आणि बाबासाहेबांना तर महाडसाठी माणूसबळाची नितांत गरज होती. जेधे-जवळकरांच्या मागं मोठा बहुजन समाज उभा होता.

बाबासाहेबांनी अट नाकारली. 'बहिष्कृत भारत' या आपल्या पाक्षिकातून त्यांनी भूमिका मांडली, तिचा आशय असा : आपलं भांडण ब्राह्मणांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे. ब्राह्मण्य म्हणजे उच्चनीचतेची भावना. ती मनात बाळगणारा ब्राह्मणेतर आपल्याला दूरचा आणि तिच्यापासून सुटलेला ब्राह्मण आपल्याला जवळचा.

आता पहिल्या भागातल्या पायऱ्या आठवा. 'ब्राह्मण्य चूक आहे' हे पहिल्या पायरीवरचं वाक्य. त्यावर वाद घालता येतो, एखादा ब्राह्मण ते मान्य करून आपला जन्म न बदलताही बाजू बदलू शकतो. 'ब्राह्मण नको' हे तिसऱ्या पायरीवरचं वाक्य. त्यात समोरच्याला करण्यासारखं काही उरतच नाही.

ही अट मान्य झाली असती तर महाडच्या लढ्यातून कोण गेलं असतं? गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे गेले असते. ते जन्मानं चित्पावन ब्राह्मण. आणि एकदा जन्मावर माणसं मोजायला लागलं की यादी तिथंच का थांबावी? नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस आणि तळ्यावर जाऊ या म्हणणारे अनंतराव चित्रे, दोघेही कायस्थ प्रभू, स्पृश्य समाजातलेच. उद्या त्यांच्यावरही बोट आलं असतं. डिसेंबरच्या परिषदेला महाडमध्ये कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. शत्रूची व्याख्या जन्मावरून करणाऱ्याला मित्रही जन्मावरूनच निवडावे लागतात. ज्यांच्यामुळं महाडचा लढा उभा राहू शकला, त्यांतले कितीतरी त्या निवडीत बसलेच नसते.

जेध्यांचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. तेच केशवराव जेधे १९३०च्या दशकात काँग्रेसमध्ये आले आणि काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण सहकाऱ्याबरोबर खांद्याला खांदा लावून त्यांनी पुण्यात आणि महाराष्ट्रात काँग्रेस बहुजनांपर्यंत नेली. १९२७ मधल्या त्यांच्या अटीवरून कुणी त्यांना कायमचं एका खान्यात टाकलं असतं, तर त्याचा अंदाज साफ चुकला असता.

५. मवाळपणा नव्हे

इथं त्या टपरीवरच्या तरुणाचा आक्षेप पुन्हा येईल : म्हणजे शेवटी नमतंच घ्यायचं ना?

डिसेंबर १९२७ मध्ये काय झालं ते पाहा. दरम्यान ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेनं आपला १९२४चा ठराव मागं घेतला. १२ डिसेंबरला नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि दोनच दिवसांत तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब मुंबईहून बोटीनं दासगावला उतरून २५ डिसेंबरला महाडला पोचले. मंडपात एकच तसबीर होती, गांधीजींची. पाचच वर्षांत, पुणे कराराच्या वेळी, ज्यांच्याशी बाबासाहेबांचा टोकाचा सामना व्हायचा होता, त्यांची.

त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. जाळण्याचा ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी. हिंदू समाजाच्या इतिहासात इतकी जळजळीत कृती क्वचित झाली असेल. तीत मवाळ काय होतं? पण आग कशाला लावली, ते नीट पाहा. एका ग्रंथाला, म्हणजे माणसाला उच्च आणि नीच ठरवणाऱ्या एका विचाराला. महाडच्या एकाही घराला नाही, आणि मार्चमध्ये ज्यांनी डोकी फोडली त्यांच्यातल्या कुणालाही नाही. मार्चमध्येही डाकबंगल्याभोवती शेकडो माणसं नुसत्या इशाऱ्याची वाट पाहत उभी होती. लष्करात नोकरी केलेले कितीतरी त्यांत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि मामला पोलिसांत, न्यायालयात नेला. ६ जून १९२७ रोजी हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा झाली ती ज्यांनी मारलं त्यांना. त्यांच्या जातीला नाही, त्यांच्या गावाला नाही.

डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावं नोंदवली होती. तुरुंगात जायची तयारी होती. जिल्हा मॅजिस्ट्रेट परिषदेत येऊन बोलला, मनाई हुकूम मोडू नका म्हणाला. रात्रभर खल झाला. २७ डिसेंबरला सत्याग्रह पुढं ढकलायचं ठरलं. तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही. आलेल्या लोकांना हे किती जड गेलं असेल! मला हा निर्णय त्या ओंजळीइतकाच मोठा वाटतो. समोरचा राक्षस आहे असं ठरवलं असतं, तर त्यानं आणलेला कोर्टाचा हुकूमही राक्षसाचा डावच ठरला असता आणि तो पाळणारा पुढारी भेकड.

६. राक्षस ठरवणाऱ्याचं नुकसान

राक्षसीकरणाचा पहिला फटका ज्याला राक्षस ठरवलं त्याला बसतो, हे महाडच्या मंडपात दिसलंच. पण ठरवणाराही नागवला जातो, हे सहसा लक्षात येत नाही.

एक तर त्याला समोरच्याची खरी माहिती मिळेनाशी होते. अमेरिकेत २०१९ मध्ये झालेल्या एका पाहणीत दोन्ही पक्षांच्या लोकांना विचारलं की विरुद्ध बाजूच्या किती लोकांची मतं टोकाची असतील. दोघांनीही सांगितलेला आकडा खऱ्याच्या जवळपास दुप्पट निघाला. आणि जे राजकीय बातम्यांत सर्वांत जास्त बुडालेले, त्यांचे अंदाज जास्त चुकले. सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर आलेलं पुढं ढकलणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

दुसरं, आपल्याच बाजूचे शहाणे लोक गप्प होतात. महाडमध्ये तळं सर्वांना खुलं असावं असं वाटणारे स्पृश्य होते, त्यांनीच १९२४चा ठराव केला होता. पण ऑगस्ट १९२७ मध्ये तीच नगरपालिका फिरली. 'आपण विरुद्ध ते' अशी रेघ एकदा मारली गेली की मधला माणूस फितूर ठरतो, आणि फितूर म्हणवून घ्यायला फार थोडे तयार असतात. सगळ्यांत कडवट बोलणाऱ्याच्या हाती मग सगळ्यांचा लगाम जातो.

तिसरं नुकसान सर्वांत भयंकर. शब्दांनी आधी रान मोकळं केलेलं असतं. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून एका मराठी ब्राह्मणानं केला आणि पुढच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरं जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मारेकरी एक, शिक्षा हजारोंना. ज्यांनी काड्या लावल्या त्यांच्यातल्या कितींनी त्याआधी कुणाला इजा केली असेल? पण 'ते सगळे तसलेच' हे वाक्य वर्षानुवर्षं कानांवर पडलेलं होतं. १९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडात हेच राष्ट्राच्या पातळीवर झालं. तिथल्या एका रेडिओ केंद्रावरून तुत्सी लोकांना झुरळं म्हटलं जात होतं. एप्रिल ते जुलै या शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, पुष्कळशी शेजाऱ्यांच्या हातांनी, कोयत्यांनी. पुढं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या रेडिओच्या चालकांनाही दोषी धरलं.

आपली ग्रामपंचायतीची निवडणूक आणि रवांडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे खरंच. शिवी दिली की कत्तल होते, असं मी म्हणत नाही. पण २० मार्चला जेवत्या माणसांवर लाठ्या पडल्या त्या कुठल्या दूरच्या देशात नव्हे, महाडमध्ये, आणि त्याला एक अफवा पुरली.

७. कोर्टातली दहा वर्षं

तळ्याच्या दाव्याचं पुढं काय झालं? मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. वादींचं म्हणणं असं की तळं खासगी मालकीचं आहे आणि अस्पृश्यांना तिथं येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. राग आणण्यासारखंच हे म्हणणं. प्रतिवादी क्रमांक एक म्हणजे बाबासाहेब. हा प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होता आणि त्याच्या माणसांचं रक्त त्या गावात सांडलं होतं. तरी त्यानं त्या म्हणण्याला पहिल्या पायरीवरूनच उत्तर दिलं : मालकी दाखवा, वहिवाट अनादी आहे हे सिद्ध करा. डोंगरावरच्या वाडीतली ती बाई मोजमाप पुस्तक मागते, तशीच ही मागणी.

१९३१ मध्ये महाडच्या न्यायालयानं दावा फेटाळला. वादी अपिलात ठाण्याला गेले, तिथंही हरले. मग उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी, तळ्यावरच्या त्या दिवसाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस असताना, मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. वहिवाट अनादी असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड, १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. त्या दिवशी शिक्षा सुनावताना आरोपीला मान लवून नमस्कार करणारे आणि राजकारणात तुमच्याशी मतभेद असणारेही तुम्हाला उच्च ध्येयाचा माणूस मानतात असं भर कोर्टात सांगणारे. शिक्षा त्यांनी कमी केली नाही. कायद्यानं जे द्यायला हवं असं त्यांना वाटलं ते दिलं, आणि समोर उभा आहे तो माणूस कोण आहे हेही नजरेआड केलं नाही.

त्याच १९३७ च्या सुरुवातीला मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या. बाबासाहेबांनी नुकताच स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्याच्या तिकिटावर राखीव जागांखेरीज सर्वसाधारण जागांवरूनही काही जण निवडून आले. त्यांत कुलाब्यातून सुरबानाना टिपणीस होते आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून अनंतराव चित्रे. रामचंद्र मोरे तोवर कम्युनिस्ट झाले होते. बाबासाहेबांचा रस्ता वेगळा आणि त्यांचा वेगळा, वाद कडाक्याचे. तरी मोरे अखेरपर्यंत दोन्ही चळवळींतले राहिले, आणि कोकणातल्या खोती या जमीनदारी पद्धतीविरुद्धच्या लढ्यात दोन्ही झेंड्यांची माणसं एका मोर्चात चालली.

आता टपरीवरच्या त्या तरुणाला उत्तर देता येईल. वाईटाला वाईट जरूर म्हण. मोठ्यानं म्हण, कागद हातात घेऊन म्हण, लागलं तर कोर्टात जाऊन दहा वर्षं म्हणत राहा. पण काय वाईट आहे ते सांग. नगरपालिकेनं कुठला ठराव मागं घेतला, कुणी लाठी उचलली, कुठली वहिवाट खोटी आहे. आणि त्या बाजूचा एखादा टिपणीस किंवा चित्रे तुझ्याकडे यायला निघाला, तर त्याला यायला वाट ठेव.